एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात

मुलाला मी एक अट घातली होती. शहराच्या टोकाला, बेस्याच्या नव्या वस्तीतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये कायमची राहायला येईन, पण तिथे मला गाणी ऐकायला चांगले स्पीकर पाहिजेत, आणि ते माझ्याच पसंतीचे पाहिजेत. अट घालताना मनातून मला उकळ्या फुटत होत्या. पसंती द्यायची कोणी? मी. आणि मी ती देणार होते का? मुळीच नाही. नापसंत करण्याचं काम मी जन्मभर मन लावून केलेलं आहे. भाजी, शिंप्याची शिलाई, दिवाळीच्या साड्या, सुनेच्या आधी सांगून आलेल्या मुली, माझ्या हातून धड कोणी सुटलेलं नाही. दुकानातले चार डबे नापसंत करायला असे कितीसे कष्ट पडणार होते!

प्रकरण सुरू झालं कुलरपायी. आमचं बैठं घर आहे, सासऱ्यांनी घेतलेल्या प्लॉटवर बांधलेलं, आणि हे गेल्यापासून त्यात मी एकटी. मे महिन्यातल्या एका सकाळी खिडकीबाहेरच्या कुलरमध्ये पाणी भरत होते. पाइप कोण लावत बसतं, म्हणून बादलीने. पाय घसरला आणि मी अंगणातल्या फरशीवर आडवी झाले. कंबर हलेना. ओरडले, पण आत गाणं चालू होतं, गाण्याहून मोठा कुलर, आणि सगळ्यात बारीक मी. धुणंभांडं करणारी बाई येईपर्यंत तशीच पडून आपल्याच घरातलं गाणं बाहेरून ऐकत राहिले. हाड मोडलं नाही. पण मुलाचा चेहरा जो त्या दिवशी उतरला, तो काही पुन्हा वर चढेना.

"आई, आता बस झालं," तो म्हणाला. "तू तिकडे चल."

"मी चांगली आहे."

"मले दिसून राहिलं ना, किती चांगली आहे ते."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडण म्हटलं की माझ्या अंगात जोर येतो. पण तो पलंगाच्या कडेला बसून माझ्या कमरेला मलम चोळत होता. मलम चोळणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून मग मी ती अट काढली. वाटलं, तो म्हणेल की तुझेच जुने स्पीकर नेऊ, आणि मी म्हणेन की त्यांना या घरातून हलवायचं नाही. झालं, विषय संपला. तर तो म्हणाला, "ती जोडी इथेच राहू दे. घर लावलेलं राहील, मन झालं की येऊन बसत जा. तिकडे आपण दुसरी घेऊ."

दुसरी! पहिलीला हात न लावता माणूस अलगद उचलून न्यायचा. हा मुलगा माझाच, याबद्दल मला त्या दिवशी काही शंका उरली नाही.

आता पहिली जोडी कशी आली ते सांगते, म्हणजे तरुणपणी मी किती हुशार होते ते वाचणाऱ्यांना कळेल. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. हे खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. दिवसभर टर्बाइनची घरघर कानात भरून घ्यायची आणि घरी आल्यावर ती गाण्याने धुऊन काढायची, असा यांचा नेम. आधी एक लहान टेपरेकॉर्डर होता. मग डेक घ्यायचं ठरलं आणि आम्ही दोघं बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. मी ठेवणीतली साडी नेसून. कॉलेजात गाण्याच्या स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे गाण्यातलं सगळं आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. दुकानदाराने दोन स्पीकर मांडले, गाणं लावलं. मी एकाला कान लावला, दुसऱ्याला कान लावला आणि निकाल दिला, "दोन्हीतून एकच गाणं येतं. मग दोन कशाला? एकच द्या."

"भाभीजी, ये जोड़ी है. जोड़ी अलग नहीं करते."

"भैया, जोड़ी तो हम भी हैं," मी म्हटलं, "पर ये हॉल में बैठते हैं और मैं किचन में."

दुकानदाराने यांच्याकडे फार दयेने पाहिलं. हे मात्र असे हसले की खुर्चीवरून पडायचे राहिले. आणि मग यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणत्याही नवऱ्याने केलं नसतं. जोडी घेतली, घरी आणली, आणि बायको म्हणते तशी वाटून टाकली. एक स्पीकर हॉलमध्ये, यांच्या खुर्चीशेजारी. दुसरा स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या फळीवर, पोह्याच्या आणि रव्याच्या डब्यांच्या मधे. चौकटीवरून खिळे ठोकून वायर नेली आणि तिला भिंतीचा रंग दिला. दुकानदाराने बजावलं होतं की दोन्ही एका खोलीत ठेवायचे आणि मधोमध बसून ऐकायचं. मी म्हटलं, त्याच्या घरी पोळ्या करायला बाई असेल. वर मी दोन्ही स्पीकरांना क्रोशाच्या झालरी केल्या, धूळ बसू नये म्हणून. आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका पाहायला येत. मी दाखवायची, "हा यांचा, हा माझा." एकीलाही कधी वाटलं नाही की ही बाई खुळी आहे. मला वाटण्याचा तर प्रश्नच नव्हता.

त्यानंतर डेक बदलला, कॅसेटी गेल्या, सीडी गेल्या, सगळी गाणी एका बोटभर पेनड्राइव्हमध्ये मावली. स्पीकर तेच राहिले, आपापल्या जागी. माझं ऐकणं ओट्यापाशी. हॉलमध्ये मी टेकले की गाणं बंद आणि टीव्ही चालू.

आमच्याकडे एका घरगुती बैठकीचं रेकॉर्डिंग होतं. गाणारी बाई, तिच्यासोबत हार्मोनियम, मागे सारंगी. माझं सगळ्यात लाडकं. कणीक मळताना ते लागलं की हाताला वेगळाच वेग यायचा. त्यातली ओळन् ओळ, बाई कुठे श्वास घेते, कुठे हळूच खाकरते, सगळं पाठ. त्या गाण्याला तबला नव्हता. मी ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "पाहा, ठेक्याशिवाय गायचं किती कठीण असते!" दुःख एकच होतं. ते गाणं लागलं की हॉलमधून टोकटोक सुरू व्हायची. बुद्, टोक्, टोक्. हे खुर्चीच्या दांड्यावर बोटं आपटत असणार, दुसरं काय! मी स्वयंपाकघरातून ओरडायची.

"अहो, मधेमधे वाजवू नका! गाण्याची चव जाते."

"मी नाही वं वाजवून राहिलो," हॉलमधून उत्तर. "तबलेवाला वाजवून राहिला."

"मग त्याले म्हणा, हळू."

"सांगतो."

आणि टोकटोक खरंच थोडी हळू व्हायची. मी जिंकल्यासारखी पुन्हा पोळपाटाकडे वळायची. हे थट्टेखोर होते, म्हणून 'तबलेवाला' ही यांची नेहमीची थट्टा असं मी धरून चालले होते. आमच्या संसारातलं हे सगळ्यात जुनं भांडण. भाजीत मीठ जास्त झालं त्या दिवशीही झालं आणि मुलाचं लग्न ठरलं त्या दिवशीही.

मग हे गेले. दिवस झाले, माणसं आपापल्या घरी गेली. पुष्कळ दिवसांनी डेकपाशी गाणं लावायला उभी राहिले तेव्हा मनात आलं, हॉलमध्ये आता ऐकायला कोण आहे? रिकाम्या खुर्चीला ऐकवून वीज कशाला जाळायची? वीजकेंद्रातल्या माणसाची बायको मी. डेकवर एक गोल बटण होतं. ते एका अंगाला पूर्ण फिरवलं की हॉलचा आवाज बंद, स्वयंपाकघराचा चालू. फिरवलं, आणि ती बैठक लावली. गाणं होतं तसंच होतं. बाई तिथेच श्वास घेत होती, तिथेच खाकरत होती. फक्त टोकटोक नव्हती. मी लाटणं हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा, मोक्षधामावर, तेराव्याला, कधीही पटलं नव्हतं, ते तेव्हा पटलं.

तर असं ते माझं घर, आणि अशी ती जोडी. आता दुसरीकडे वळते.

मुलगा दर रविवारी मला दुकानात नेऊ लागला. सून सोबत. ती कळमेश्वरच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, त्यामुळे खोटं तिच्यासमोर फार वेळ टिकत नाही. पहिल्या दुकानातले स्पीकर मी पाहताक्षणी मोडीत काढले. "हे काय, विजेच्या मीटरचे डबे? यावर फुलदाणी कशी राहीन?" दुसऱ्या दुकानातले फार काळे होते. आणखी एका ठिकाणी झालर अडकवायला कोपराच नव्हता.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही स्पीकरकडे पाहूनच राहिल्या. ऐका तरी."

"दिसायले बरा नसेल तं ऐकून काय करू?"

"मुलगी पाहायले नाही आलो आपण."

पुढच्या रविवारी मी डोकं चालवलं. दुकान एसीचं, थंडगार, टाचणी पडली तरी ऐकू येईल असं. मी म्हटलं, "इथे काय, कोणताही स्पीकर चांगलाच वाटन. कुलर लावून ऐकवा." दुकानातला माणूस मुलाकडे पाहू लागला.

"आई, तिकडे एसी आहे," मुलगा म्हणाला. "कुलर नाही."

"मग तं झालंच. कुलरच्या घरघरीशिवाय उन्हाळ्यातलं गाणं मी जन्मात ऐकलं नाही. मले ते खरं कसं वाटन?"

आता तरी चिडेल, असं वाटलं. त्याने काय करावं? खिशातून फोन काढला, त्यात कुठून तरी कुलरची घरघर शोधली, लावली, आणि फोन माझ्या कानाशी धरून उभा राहिला. भर दुकानात. लोक पाहत होते. "आता ऐक," म्हणाला. सून पाठ फिरवून हसत होती. माझ्याजवळची सगळी हत्यारं भांडणाऱ्या माणसासाठी होती, आणि समोर हा उभा.

त्या दिवशी स्पीकरच्या रंगावरून कसंबसं निभावलं. पण मला कळलं होतं की आता पक्कं काहीतरी पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. ती बैठक मला श्वासासकट पाठ. कोणत्याही स्पीकरने त्यात केसाएवढं कमीजास्त केलं की मी पकडणार, आणि म्हणणार, हे माझं गाणं नव्हे. याच्यावर कोणाकडे उत्तर असेल?

दुकान धरमपेठेत, वरच्या मजल्यावर. पडदे लावलेली खोली, मधोमध एकच खुर्ची. समोर उजवीडावीकडे दोन स्पीकर, उंचीला मध्यम, रंगाला बरे. 'बरे' हे मी तोंडावर दिसू दिलं नाही.

"आजी, बरोबर मधे बसा," तिथला माणूस म्हणाला. "मान हलवू नका."

मी नापसंतीचा चेहरा आधीच लावून बसले. मुलगा आणि सून मागे उभे. गाणं सुरू झालं. उजवीकडून हार्मोनियम. ठीक. सारंगी. ठीक. मग बाई गाऊ लागली, आणि तिचा आवाज दोन्ही स्पीकरांच्या मधून आला, जिथे नुसता गालिचा होता. मी वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. मी सावरून बसते तोच डावीकडून आलं. बुद्, टोक्, टोक्.

मी मागे वळले. "वाजवू नको रे."

"मी नाही वाजवून राहिलो," मुलगा म्हणाला.

तोच सूर, तीच कुरकुर. मला क्षणभर कळेना मी कुठे आहे.

"गाणं चुकीचं लावलं," मी दुकानातल्या माणसाला म्हटलं. "याच्यात तबला नाही."

"आजी, तुमच्याच पेनड्राइव्हचं आहे. तबला आहे ना. डावीकडे."

"आई, आहेच तबला," मुलगा म्हणाला. "आपल्या हॉलमध्ये तं हा तबलाच जास्त येत होता, पेटी दबूनच जाय. मी याच्यावर पाढे पाठ केले."

"तो तुझे बाबा वाजवत ना? खुर्चीवर?"

"बाबा?" तो मोठ्याने हसला. "बाबांना ठेका धरता येत होता का! ते तं हात मांडीवर ठेवून गुपचूप बसून राहत." मग त्याचं हसू मधेच थांबलं. "आई, तुले काय वाटलं होतं?"

सुनेने त्याचा दंड धरला.

"थांबवू का?" दुकानातल्या माणसाने विचारलं.

"नको."

थांबवून कसं चाललं असतं? डावीकडे तो वाजवत होता. नुसती टोकटोक नव्हती ती. बाई एखादी ओळ अर्धी सोडून द्यायची आणि तो ती उचलून समेवर आणून ठेवायचा. स्वयंपाकघरात मला वाटायचं, इथे ती उगाच थांबते, विसरत असेल. ती विसरत नव्हती, त्याची वाट पाहत होती. माझ्या उत्तेजनार्थ बक्षिसाला हे कधी कळलं नाही. आणि हे, हॉलमध्ये, हात मांडीवर ठेवून. मी ओरडले की उठायचं, हॉलच्या स्पीकरचा आवाज थोडा कमी करायचा, पुन्हा बसायचं. आणि ज्या शांततेत मला यांचं जाणं पटलं, ती यांची नव्हतीच. बटण मीच फिरवलं होतं. विजेची बचत!

गाणं संपलं. मुलगा खुर्चीपुढे येऊन उकिडवा बसला. "आवडले?" त्याच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मी त्याच्या शर्टाच्या बटणांकडे पाहू लागले. आता 'नाही' म्हणायचं होतं. किंमत, रंग, झालर, कुलर, सगळं मी मनात चाचपून पाहिलं. एकही वर येईना. खोड काढायची तर कशात? त्या स्पीकरांनी माझ्या गाण्यात कमी काहीच केलं नव्हतं, उलट राहिलेलं अर्धं आणून दिलं होतं.

"घे," मी म्हटलं. शेजारीण भिंतीपलीकडून बोलावी तसा माझाच आवाज मला ऐकू आला.

जिना उतरताना सून म्हणाली, "आई, आज माल पास केला तुम्ही."

"एसी फार होता," मी म्हटलं. "डोळ्यांत गेला."

पण मी इतक्यात हरणारी नव्हते. रिक्षात बसल्याबसल्या माझं डोकं पुन्हा चालू लागलं. दुसरी जोडी कशाला? तबलेवाला तर माझ्याच घरी आहे, हॉलमध्ये, झालरीखाली. बटण मधे आणलं की झालं. यांच्या खुर्चीवर बसेन, ऐकेन, आणि मुलाला सांगेन, घेतले ते परत कर, माझ्याकडे सगळं आहे. घरी पोचले, चप्पलसुद्धा न काढता बटण मधे आणलं, बैठक लावली आणि खुर्चीत बसले.

स्वयंपाकघरातून हार्मोनियम येत होती. हॉलमधला बोलेना. आवाज वाढवला. स्वयंपाकघरातली फळी थरथरू लागली, डबे वाजू लागले, पण यांचा स्पीकर गप्प. झालर उचलली. समोरची जाळी कुरतडलेली, आतला कागद कोणी पोखरून नेलेला. उंदरांनी तिथे संसार मांडून मोडलाही होता. मी दर दिवाळीला झालर धूत होते, झालरीच्या आत कधी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बॅटरी लावून आत पाहिलं आणि मान हलवली. "काकू, याच्यात आता काही नाही राहिलं. हा भाग मिळत नाही कुठे."

"दुसरा चालतो ना."

"मग तो एकटाच वाजवा."

"तेच तं करून राहिली होती," मी म्हटलं. त्याला अर्थातच काही कळलं नाही.

शेवटचा प्रयत्न फोनवर. मुलाला म्हटलं, "ठीक आहे, येते. पण नवे स्पीकर एक हॉलमध्ये आणि एक स्वयंपाकघरात लावायचा." वाटलं, भिंतीला भोकं पाडावी लागतील, सोसायटीवाले नाही म्हणतील, वेळ जाईल.

"आई, इकडे हॉल आणि किचन एकच आहे," तो म्हणाला. "मधे भिंतच नाही."

तर मी आता बेस्याला आहे. खिडकीतून अर्धवट बांधलेल्या इमारती दिसतात. स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना उभे आहेत आणि सोफ्यावर मधोमध माझी जागा ठरवून दिलेली आहे. मुलगा घरी असला की मी तिथे मान न हलवता बसते, तेवढंच त्याला बरं वाटतं. जुन्या घराला कुलूप आहे. 'मन झालं की जाऊ' म्हणतात. मन रोज होतं, जायला कोणी मोकळं नसतं, आणि एकटीने जायचं नाही असा हुकूम आहे. हुकूमही असा गोड आवाजात देतात की मोडायची सोय नाही.

परवा सुट्टी होती. सून भाजी चिरत होती, मी सवयीने पोळ्या लाटायला उभी राहिले होते, तेवढं अजून करू देतात. तिने कौतुकाने ती बैठक लावून दिली. हार्मोनियम आली, बाई आली. लाटण्याने वेग धरला. आणि पाठीमागून, भिंत नाही काही नाही, थेट ओट्यापर्यंत आला तो. बुद्, टोक्, टोक्.

"हळू!" मी ओरडले.

सून दचकली. "कोणाले म्हणून राहिल्या आई?"

"तबलेवाल्याले."

ती भाजीचे हात पुसत उठली आणि आवाज कमी करायला निघाली. "राहू दे वं," मी म्हटलं. पण तोपर्यंत तिने केला होता.